पेटी घेण्याआधी

आपल्या मध्यमवर्गीय घरांत पुष्कळदा वस्तू आधी येते आणि तिचे काम मागाहून शोधावे लागते. व्यायामाची सायकल येते आणि वर्षभरात तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. चिनी मातीचा चहाचा संच येतो आणि पाहुण्यांची वाट पाहत शोकेसमध्येच म्हातारा होतो. बँकेत पस्तीस वर्षे लोकांचे कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली, त्याचा परिणाम असेल, पण कोणी ‘अमुक घ्यायचे आहे’ म्हटले की ‘केवढ्याला?’ असे विचारण्याआधी माझ्या तोंडून ‘कशासाठी?’ असे निघून जाते. घरच्या मंडळींना या प्रश्नाचा कंटाळा आला आहे. तरीही लोक मलाच विचारायला येतात, हे मात्र खरे.

माझा एक पुतण्या पुण्यातली नोकरी सोडून अकोल्याला घरच्या जिनिंगच्या धंद्यात आला. निरोपाच्या वेळी तिकडच्या मित्रांनी त्याला दहा परदेशी सिगारींचे खोके भेट दिले. घरात आई, बायको आणि अडीच वर्षांची मुलगी. त्याने मला विचारले, “काका, पहिला ह्युमिडॉर घ्यायचा तर कोणता घ्यावा?” मी आयुष्यात बिडीसुद्धा ओढलेली नाही, पण पेटी, कुलूप आणि आत ठेवायची चीज यांच्याशी माझा जन्मभर संबंध आला, म्हणून त्याने मला विचारले असावे. प्रश्न मला आवडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी सिगारीपासून निघून अंजनगावच्या पानमळ्यापर्यंत पोचलो. तोच प्रवास आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांतच तंबाखूची पाने गुंडाळून केलेली जाड सुरळी. आपला जुना शब्द ‘चिरूट’. इंग्रजीतला ‘चेरूट’ हा शब्द तमिळमधल्या ‘सुरुट्टु’वरून, म्हणजे ‘सुरळी’ अशा अर्थाच्या शब्दावरून गेला. तिरुचिरापल्लीचे चिरूट एके काळी इतके प्रसिद्ध होते की १८८७ साली आलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत त्यांच्या राखेचा उल्लेख आहे. ही सुरळी फार नाजूक. हवा कोरडी असली की तिचे वरचे पान तडकते, आतले तेल उडते आणि ती गवतासारखी भडाभडा जळते. हवा फार ओली असली की ती फुगते, धड जळत नाही आणि तिच्यावर बुरशी येते. म्हणून तिला साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सियस तापमान लागते. हे जमवून देणारी लाकडी पेटी म्हणजे ह्युमिडॉर.

आता हा १८ ते २१ अंशांचा आकडा अकोल्याच्या माणसापुढे वाचून दाखवा. तो आधी हसेल, मग पाणी मागेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांवर किंवा तिच्याही खाली येते. ओला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळलेला असतो. त्यानंतर जुलै-ऑगस्ट येतात. तेव्हा हीच हवा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते, पापड मऊ पडतात आणि काडेपेटी पेटत नाही. एकाच घरात, एकाच कपाटात वर्षातून दोनदा दोन वेगळे देश नांदतात. त्यात आमचा कूलर! वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपवून तो हवा गार करतो आणि त्याच वेळी ती ओलीही करतो. म्हणजे मे महिन्यात ज्या खोलीत कूलर चालू आहे तिथली हवा एक आणि शेजारच्या खोलीतली हवा दुसरी. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या दुकानदाराने लिहिलेला सल्ला इथे जशाच्या तसा लागू पडणार नाही, हे उघड आहे.

तरी सल्ला विचारला होता, म्हणून मी या पेटीची नीट चौकशी केली. निवड करताना पाहायच्या गोष्टी फार नाहीत.

पहिली गोष्ट लाकूड. चांगल्या पेटीला आतून जे लाकूड लावतात त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. गंमत अशी की ते स्पेनचेही नाही आणि सीडरही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले हे झाड वनस्पतिशास्त्राप्रमाणे आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. ते ओल शोषून धरते, हळूहळू सोडते आणि त्याचा वास किडींना फारसा मानवत नाही. आमच्या आज्या गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालीत. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी त्याच कुळातले झाड आपल्या पेटीसाठी निवडावे, याची मला मोठी मौज वाटली.

दुसरी गोष्ट झाकण. कागदाची पट्टी मधे ठेवून झाकण लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निघून आली तर हवाही तितकीच सहज निघून जाईल. वरून काच लावलेली पेटी दिसते छान, पण काचेच्या सांध्यातून ओल गळते आणि आत ऊनही शिरते.

तिसरी गोष्ट आर्द्रतामापक. पेटीवर बसवलेली पितळी रिमाची तबकडी बहुधा शोभेची असते. वेगळा आकडी मापक घेतलेला बरा. तो खरे बोलतो की नाही हे घरच्या मिठाने तपासता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावे, पाण्याचे थेंब टाकून ते नुसते ओलसर करावे, मापकासह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि रात्र जाऊ द्यावी. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा निसर्गाचा नियम आहे. सकाळी मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी सांगतो, असे समजावे. मुलांना विज्ञान शिकवायला हा प्रयोग फार चांगला आहे. त्यासाठी घरात सिगार असण्याची मुळीच गरज नाही.

चौथी गोष्ट सबुरी. नवी पेटी आणली आणि भरली, असे चालत नाही. तिचे कोरडे लाकूड आधी सिगारीतलीच ओल पिऊन टाकते. म्हणून एक-दोन आठवडे आत पाण्याची वाटी किंवा ओल राखणाऱ्या तयार पुड्या ठेवून लाकडाची तहान भागवावी लागते. नवा माठ आपण आधी पाण्यात बुडवून ठेवतो, तसेच हे. पाणीही शुद्ध, ऊर्ध्वपातित हवे. आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली माणसे. आमच्या कूलरच्या ताट्यांवर दोन महिन्यांत पांढरे पापुद्रे चढतात. ते पाणी अशा पेटीत घातले तर तिचे काय होईल, ते सांगायला नको.

इतके सगळे करूनही वऱ्हाडात एक अडचण उरतेच. तंबाखूला एक बारीक तपकिरी भुंगेरा लागतो. हळदीच्या आणि धन्याच्या डब्यात भोके पाडणारा तो हाच. त्याची अंडी तंबाखूत आधीपासून असू शकतात आणि चोवीस-पंचवीस अंशांच्या वर उबेला आली की ती फुटतात. आमच्या घरांत वर्षाचे किती दिवस चोवीस अंशांच्या खाली असतात? म्हणजे पेटीने ओल सांभाळली तरी उष्णतेचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. ती पेटी मग चोवीस तास एअर कंडिशनरच्या खोलीत ठेवायची आणि तिच्यासाठी विजेचे बिल भरायचे. घरातल्या म्हातारीच्या खोलीत पंखा आणि चिरुटाला एअर कंडिशनर, असा तो संसार!

म्हणून पुतण्याला मी पहिले उत्तर दिले ते निव्वळ हिशेबाचे होते. दहा सिगारींसाठी पेटी लागत नाही. रबराच्या कडेची, घट्ट झाकणाची बरणी आणि आत ओल राखणारी एक पुडी, एवढ्यावर काम भागते. दुकानदार सांगतात की पहिली पेटी गरजेपेक्षा दुप्पट मोठी घ्या, कारण ती भरतेच. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. बँकेत आम्ही माणसाला गरजेपेक्षा जास्त कर्ज देत नसू, कारण हातात आलेला पैसा खर्चाची वाट शोधतो. रिकामी जागाही तशीच असते. पन्नास सिगारींची पेटी आणली की दहा सिगारी ओढणारा माणूस चाळीसची भर घालू लागतो. पेटीने सवय सांभाळायची असते. पुष्कळदा ती सवय वाढवते.

इथवर लिहून थांबता आले असते. पण या चौकशीत मला सारखे वाटत होते की हे सगळे मी आधी कुठेतरी पाहिले आहे. ओल राखायची, पण साचू द्यायची नाही. रोज उघडून पाहायचे. एक सडले तर बाकीची वाचवायची. हे सारे आमच्या आजीच्या पानडब्यात होते.

तो पितळी डबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली खोल जागा, तिथे ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पाने. वर बसणारे ताट, त्यात कात, चुना, सुपारी, लवंग, वेलची यांचे लहान लहान कप्पे. बाजूला अडकित्ता. आतून कल्हई, कारण चुना आणि कात पितळेला खातात. अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही इमादशाहीची राजधानी. त्या बाजूच्या घरांत त्यालाच ‘पानदान’ म्हणत. शेतकऱ्याच्या कमरेला कापडी चंची असे. आजी सकाळी आंघोळ झाल्यावर पहिले काम करी ते फडके पिळून ओले करण्याचे. उन्हाळ्यात ते दोनदा भिजे, पावसाळ्यात नुसते ओलसर राही. मग एकेक पान उलटून पाही आणि डाग पडलेले बाजूला काढी. आर्द्रतामापक तिच्या बोटांत होता.

यावर आपल्याकडे एक जुने कोडे आहे. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले? तिन्हींचे उत्तर एक: फिरवले नाही म्हणून. गंमत म्हणजे ह्युमिडॉर बाळगणारे जाणकारही हेच सांगतात. वरच्या सिगारी खाली आणि खालच्या वर करत राहा, म्हणजे सगळ्यांना सारखी ओल मिळते.

आणि पानडब्याच्याही आधीची गोष्ट आहे पानमळ्याची. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी आणि तिथून पश्चिमेला अकोल्याच्या अकोट-तेल्हाऱ्यापर्यंत, सातपुड्याच्या पायथ्याला, बारी समाजाने पिढ्यान्पिढ्या नागवेलीचे मळे राखले. त्याच सावलीत ते औषधी पानपिंपळीही घेतात. नोकरीच्या काळात कर्जाच्या तपासणीसाठी मी अशा मळ्यांत अनेकदा गेलो आहे. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या आधाराने चढवलेले वेल, भोवती वारा अडवणाऱ्या ताट्या, पायाखाली सदा ओली माती. बाहेर रानात ऊन भाजत असते आणि आत दोन पावले टाकली की अंगाला दमट गारवा लागतो. चपला बाहेर काढून आत जायचे, देवळात जावे तसे. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत दमट हवेचा एक तुकडा हाताने उभा करायचा आणि तो बाराही महिने राखायचा, ही किती मोठी विद्या आहे! लाकडी पेटी फार पुढची गोष्ट झाली. वऱ्हाडात ही कला उघड्या रानात साधली गेली आहे.

अशाच एका मळ्यात एक म्हातारे पानमळेवाले मला म्हणाले होते, “साहेब, पानाले रोज पाह्यलं नाही, तं चौथ्या रोजी ते आपल्याले वळखत नाही.” मी कर्जाच्या फायलीत वेलींची संख्या, विहिरीचे पाणी, हप्त्याची तारीख असे सारे लिहिले. हे वाक्य लिहायला रकाना नव्हता; पण त्या कर्जाचे खरे तारण तेच होते.

ओलाव्याचा हा हिशेब वऱ्हाडातल्या माणसाला नवा नाही. आमचे सगळे अर्थकारणच ओलाव्यावर चालते. सरकारी आधारभूत किमतीने कापूस घेताना केंद्रावर पहिली सुई टोचतात ती ओलावा मोजायला. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, आठ ते बारापर्यंत टक्क्यांच्या प्रमाणात कपात आणि बाराच्या वर गाडी परत. वर्षभराची मेहनत त्या एका आकड्यावर लटकलेली असते. गोदामातल्या मालावर कर्ज देताना आम्हीही पोती मोजण्याआधी भिंतीला हात लावून पाहत असू. ओल्या भिंतीला टेकलेली तुरीची थप्पी कागदावर लाखाची आणि प्रत्यक्षात बुरशीची निघू शकते. माझ्या पुतण्याच्या जिनिंगमध्ये रोज हीच मोजणी चालते. त्याला मी म्हणालो, “अरे, तुला ओलावा शिकवायला क्युबाची पेटी कशाला हवी? तू तर त्यावरच जेवतोस.”

मात्र पेटी कशी निवडावी यापेक्षा तिच्यात काय ठेवावे हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याला बगल देऊन हा लेख संपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

लॉकर भाड्याने देताना बँक आत काय ठेवता ते पाहत नाही. धोकादायक आणि बेकायदा वस्तू ठेवणार नाही, एवढे लिहून घेते. घराचे तसे नसते. घरातल्या पेटीत काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, अडीच वर्षांच्या मुलीलाही. मोठी सिगार एकच असली तरी तिच्यात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. सिगारीचा धूर आत घेत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांना त्याचे भोगावे लागते. आणि बंद खोलीत बसलेल्या बाकीच्यांना आत घ्यायचे की नाही हे ठरवण्याची सोयच नसते.

मग आजीच्या डब्याचे काय? तिच्यावर माझे प्रेम आहे, म्हणून तिचा डबा निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी हीच कर्करोगकारक असल्याचे नोंदवले आहे, तंबाखू सोबत असो वा नसो. विड्यात तंबाखू घातली की धोका आणखी वाढतो. आमच्या शाखेत एक शिपाई होते. हसरे, कामसू आणि दिवसभर तोंडात खर्रा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला विदर्भाचा शाप. हळूहळू त्यांच्या तोंडाच्या आतली त्वचा ताठरली. आधी तिखट सोसेना, मग घास जाईना, शेवटी तोंडात दोन बोटेही शिरेनात. निवृत्तीच्या समारंभात त्यांना पेढा कुस्करून भरवावा लागला होता. सगळे टाळ्या वाजवत होते आणि त्यांची बायको खाली पाहत होती.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी लपूनछपून होणारी विक्री थांबलेली नाही. खर्रा घोटणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो, त्याच्या थुंकण्यावर चिडतो, शाळेजवळच्या टपरीविरुद्ध अर्ज करतो. ते योग्यच आहे. पण तीच तंबाखू कडुनिंबाच्या कुळातल्या लाकडात, पितळी बिजागरीच्या आत, मापक लावून ठेवली की आपण तिला ‘अभिरुची’ म्हणतो. गरिबाच्या तंबाखूला प्लास्टिक आणि श्रीमंताच्या तंबाखूला महाल. शरीराला हा भेद कळत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. ही पेटी तंबाखू टिकवते, आणि त्याहून अधिक ती तंबाखूला प्रतिष्ठा देते. दिवाणखान्यात मधोमध ठेवलेल्या वस्तूकडे मूल आदराने पाहायला शिकते.

प्रतिष्ठा किती महाग असते, त्याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना १९६१ साली मिल्टन बर्ल या विनोदी नटाने एक ह्युमिडॉर भेट दिला होता. पुढे, १९९६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ती पेटी ५,७४,५०० डॉलर्सना गेली. ज्या अध्यक्षांच्या सहीने १९६२ साली क्युबाच्या मालाला अमेरिकेची दारे बंद झाली, त्यांचीच ही सिगारींची पेटी! बोली लावणाऱ्यांना आतल्या तंबाखूशी देणेघेणे नव्हते. त्यांनी मोल दिले ते नावाला. तेव्हा पेटीचा शौक आणि तंबाखूचा शौक वेगळे करता येतात, हे या लिलावानेच दाखवून दिले आहे. त्याचा आपण चांगला उपयोग का करू नये?

पुतण्याला मी शेवटी जे सांगितले ते असे: “मित्रांनी प्रेमाने दिले आहे, तर ते खोके बरणीत ठेव. ओढायचेच असेल तर घराबाहेर जा, पोरीपासून दूर. ते संपले की पुन्हा आणू नकोस. आणि पेटीची हौसच असेल तर जुना पानडबा घे, कल्हई करून.” त्यावर तो म्हणाला, “काका, सुपारी वाईट म्हणता आणि पानडबा घे म्हणता?” प्रश्न बरोबर होता. म्हणून डब्यात काय ठेवायचे हेही सांगतो.

सुपारीचा आणि तंबाखूचा कप्पा रिकामा करावा. चुन्याच्या आणि काताच्या वाटीलाही रजा द्यावी. खाली ओल्या फडक्यात पाने असू द्यावीत. वर बडीशेप, वेलची, लवंग, खोबऱ्याचा कीस, गुलकंद. जेवणानंतर आलेल्या-गेलेल्यासमोर डबा उघडावा. ह्युमिडॉर ही एकट्याची पेटी आहे. मालक उघडतो, मालक निवडतो, मालक बंद करतो. पानडबा मधे ठेवतात आणि त्याच्याभोवती माणसे बसतात. आमच्या वऱ्हाडात वैर मिटल्याची खूण म्हणजे एकमेकांच्या घरचे पान खाणे. सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरत नसे. त्या सुपारीला देवाच्या पाटावर खुशाल मान द्यावा, तोंडात मात्र देऊ नये.

डबा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पितळ जाड असावे, म्हणजे आतला गारवा टिकतो. झाकण सैल नको आणि फार घट्टही नको. पानाला थोडी हवा लागते, नाहीतर ते घामेजून काळे पडते. कल्हई ताजी असावी. आतून पिवळे पितळ दिसू लागले की पुन्हा करून घ्यावी. आणि आकार घरातल्या माणसांवरून ठरवावा. आठवड्याला पंचवीस पाने लागत असतील तर शंभराचा डबा नको. सडलेली पाने फेकताना नंतर हळहळ वाटते. कूलरच्या झोतासमोर तो ठेवू नये, खिडकीच्या उन्हात तर नकोच. माठाशेजारची जागा सर्वांत चांगली, हे आजीला कोणी शिकवले नव्हते.

यात एक स्वार्थही आहे, तो उघड सांगतो. पानटपरीवर पुड्यांचे राज्य आल्यापासून पानाची चाल मंदावली आहे आणि पानमळे लावणारे हात कमी झाले आहेत. नागवेल हे सोयाबीनसारखे एका हंगामाचे पीक नाही. मळा एकदा मोडला की त्याची सावली, ताट्या, ओल आणि ती राखणारी नजर हे सगळे पुन्हा उभे करायला वर्षे लागतात. अमरावती-अकोल्याच्या घराघरांत आठवड्याला पाच-पंचवीस पाने गेली, तर अंजनगावच्या एखाद्या तरुणाला वडिलांचा मळा मोडावासा वाटणार नाही. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर मागणी असेल त्या धंद्याला कर्ज मिळते.

आणि ज्याला रोज सकाळी दोन मिनिटे काढून फडके भिजवणे, पाने उलटणे जमणार नसेल, त्याने डबाही घेऊ नये आणि पेटीही घेऊ नये. बाजारातून ताजी चार पाने आणावीत, खावीत आणि मोकळे व्हावे. ते सगळ्यांत स्वस्त.